जेसी जेम्सच्या आईला कुणी मारलं?

परवा रात्री ‘जेसी जेम्स’ पुन्हा पाहिला, एकोणिसाव्या शतकातल्या खऱ्याखुऱ्या अमेरिकन दरोडेखोरावरचा सिनेमा. १९३९ चा, हेन्री किंगचा. टायरोन पॉवर जेसी, हेन्री फोंडा त्याचा थोरला भाऊ फ्रँक. तिन्हीसांजेला जेसी धावत्या गाडीच्या टपावरून चालत जातो आणि त्याच्या पायाखाली डब्यांच्या खिडक्या उजळलेल्या असतात, तेवढा तुकडा मी तीनदा मागे नेऊन पाहिला. मग लुटलेल्या प्रवाशांनाच तो सांगतो, याच्या भरपाईसाठी रेल्वेवर दावा ठोका! अशा माणसावर जीव जडणारच.

पण आईचं काय?

सिनेमात रेल्वेचे गुंड शेतकऱ्यांच्या जमिनी कवडीमोलानं लिहून घेत फिरतात, जेसीच्या घरात बॉम्ब टाकतात, आई मरते. म्हणून जेसी दरोडेखोर. बायको म्हणाली, “आई मेली की हिरोला सगळं माफ.” आपल्या डाकूपटांत सावकार, इथे रेल्वे, एवढाच फरक.

जेसीची खरी आई, झेरेल्डा, त्यात मेलीच नाही. जानेवारी १८७५ मध्ये पिंकर्टन या खासगी गुप्तहेर कंपनीच्या माणसांनी मिसुरीतल्या तिच्या घरात पेटता गोळा टाकला, हे खरं. त्यात तिचा हात गेला आणि जेसीचा आठ वर्षांचा सावत्र भाऊ आर्ची दगावला. भयंकरच. पण तोवर जेसी कित्येक वर्षं दरोडे घालत होता. गॅलाटिनच्या बँकेतला रोखपाल १८६९ मध्येच गोळी खाऊन मेला होता, आणि जेसीचं नाव तेव्हापासून पेपरात होतं.

मला याहून जास्त खटकतं ते अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं, उत्तर विरुद्ध गुलामगिरी राखू पाहणारी दक्षिण या लढाईचं, गायब होणं. जेम्स कुटुंबाकडे गुलाम होते. मिसरूड फुटायच्या वयात जेसी दक्षिणेच्या बाजूनं लढणाऱ्या, ‘ब्लडी बिल’ अँडरसनच्या टोळीत शिरला. माणसं मारायला तो तिथे शिकला, रेल्वेशी त्याचा काही संबंध नव्हता. त्याला वीरपुरुष बनवला तो जॉन न्यूमन एडवर्ड्स या कॅन्सस सिटीच्या संपादकानं, जो स्वतः दक्षिणेच्या फौजेत होता. सिनेमातही एक म्हातारा संपादक आहे. कायदा-सुव्यवस्था हवी तर आधी वकिलांना गोळ्या घाला, असा अग्रलेख तो तावातावानं सांगतो. पुढच्या वेळी वकिलांच्या जागी दुसरं कुणीतरी. त्या भूमिकेत हेन्री हलनं धमाल केलीय. पण हसता हसता खऱ्या संपादकाचं राजकारण पार धुऊन निघतं.

तिशीच्या दशकातल्या मंदीत बँकांनी शेतं ओढून घेतलेली पाहिलेल्या प्रेक्षकाला रेल्वे हा खलनायक लगेच पटला असणार. त्यात गुलामांची आठवण कशाला काढा? (जाता जाता: कड्यावरून पाण्यात उडी मारायच्या प्रसंगात घोडा खरंच मेला. त्यावर गदारोळ झाला, आणि पुढे हॉलिवूडच्या सेटवर जनावरांसाठी देखरेख आली.)

शेवट मात्र बराचसा खरा. १८८२, मिसुरीतलं सेंट जोसेफ, भिंतीवरच्या तसबिरीकडे वळलेला जेसी आणि पाठीमागून गोळी घालणारा त्याच्याच टोळीतला बॉब फोर्ड.

आणि पुढचं सिनेमात असणं शक्यच नव्हतं, कारण तिथे आई आधीच मेलेली. झेरेल्डानं लेकाला स्वतःच्या अंगणात पुरलं. १९११ पर्यंत जगली. थडगं पाहायला येणाऱ्यांकडून पैसे घ्यायची, त्यावरचे खडे विकायची. खडे संपले की ओढ्यातून नवे आणून टाकायची.