‘पुस्तकात पाहून केलेली प्रार्थना खरी नव्हे’, हे म्हणणे का टिकत नाही

ख्रिस्ती मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर फिरतो आहे. त्याचे म्हणणे असे: पुस्तकातून रोज प्रार्थना करणे ही पोपटपंची, येशूने ती मना केली आहे, ही पुस्तके मागाहून धर्मगुरूंनी स्वतःपुरती काढली, खरी प्रार्थना फक्त उत्स्फूर्त. ज्या घरांत आजीचे झिजलेले प्रार्थनापुस्तक अजून उशाशी असते, तिथली माणसे हे वाचून अस्वस्थ होतात. म्हणून हे उत्तर.

येशूने मना केले? आधार दिला जातो बायबलातल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा (६:७). तिथे निषेध आहे तो निरर्थक बडबडीचा, पुष्कळ बोलले की देव ऐकतो या समजुतीचा. दोनच वचने पुढे तोच येशू शिष्यांना ठरलेले शब्द देतो: ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’. अटकेच्या आधी गेथशेमाने बागेत तो पुन्हा तेच शब्द बोलून प्रार्थना करतो, हेही मत्तयच सांगतो (२६:४४). आणि वधस्तंभावर? ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा बायबलातल्या स्तोत्रसंहितेतील २२ व्या स्तोत्राचा आरंभ. आत्मा पित्याच्या हाती सोपवण्याचे शब्द ३१ व्या स्तोत्रातले. प्राण जाताना त्याच्या ओठी आले ते त्याच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या म्हटलेले शब्द. माझ्यापुरता वाद इथेच मिटतो.

‘मागाहून काढली’ हेही अर्धवट आहे. पुस्तके मागाहून आली, नेम जुनाच. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान ठरल्या प्रार्थनेच्या वेळी मंदिरात जातात (प्रेषितांची कृत्ये ३:१).

धर्मगुरूंपुरती? लॅटिनमधली ब्रेव्हिअरी, म्हणजे रोजच्या ठरल्या प्रार्थनांचे पुस्तक, बराच काळ त्यांच्याच हाती होती, हे मान्य. पण मध्ययुगात प्रापंचिकांसाठीही प्रार्थनापुस्तके तयार होत. १५२९ मध्ये जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने श्रद्धेची ओळख करून देणाऱ्या लहान प्रश्नोत्तरीत सकाळ-संध्याकाळच्या प्रार्थना दिल्या, त्या घरातल्या कर्त्याने सर्वांना शिकवाव्यात म्हणून. १५४९ मध्ये कँटरबरीचा आर्चबिशप क्रॅन्मरने इंग्लंडच्या लोकांना त्यांच्याच भाषेत प्रार्थनापुस्तक दिले. त्यात १५० स्तोत्रे ३० दिवसांत वाचून होतात. आणि हिटलरला विरोध करणारा जर्मन पाळक बोनहोफर! १९४३ च्या नाताळात बर्लिनच्या टेगेल तुरुंगातून त्याने सोबतच्या कैद्यांसाठी सकाळची, संध्याकाळची आणि संकटातली प्रार्थना लिहून दिली. त्या कोठड्यांत ‘उत्स्फूर्त बोला’ एवढे सांगून भागले नसते, हे तो जाणत होता.

उरला मनाचा प्रश्न, आणि त्यात तथ्य आहे. ओठ हलतात आणि मन भलतीकडे असते, हा दोष यशया संदेष्ट्याने फार पूर्वी दाखवला. पण तो दोष पुस्तकाचा नाही. रोज हरिपाठ म्हणणाऱ्या वारकऱ्याला कोणी म्हणत नाही की तुझी भक्ती उसनी आहे. उत्स्फूर्त प्रार्थनाही कालांतराने त्याच चार वाक्यांवर येऊन थांबते. माझी तरी येते. पुस्तक मला माझ्या मनःस्थितीबाहेर नेते. मी सुखात असताना ते रडणाऱ्याचे शब्द माझ्या तोंडी घालते, आणि मी ते त्याच्या वतीने म्हणतो.

वडील गेले त्या आठवड्यात मला देवाशी बोलायला एकही शब्द सुचला नाही. शुक्रवारी रात्री पुस्तक उघडले. कॅथोलिक रात्रप्रार्थनेत त्या दिवशी ८८ वे स्तोत्र येते, जे अंधारातच संपते. कुठे सांत्वन नाही. मी ते मोठ्याने वाचले, दिवा मालवला आणि त्या आठवड्यात पहिल्यांदा झोपलो.