पेठेतून फ्लॅटमध्ये नेताना आई-वडिलांचं काय मागे राहतं

कोल्हापुरात शिवाजी पेठेतलं जुनं घर विकलं की म्हातारी माणसं मुलाच्या चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहायला जातात. लिफ्ट आहे, कमोड आहे, जेवण वेळेवर आहे. तरी काही महिन्यांत वडील गप्प होतात, आणि घरचे म्हणतात, "वय झालं." वयानं असं होत नाही. हे नैराश्य असू शकतं आणि त्यावर उपचार आहेत.

पेठेत उंबऱ्यावर नुसतं बसलं तरी दहाजण "काय अण्णा, जेवलासा का?" विचारून जातात. तालमीचा कट्टा, गंगावेशीतलं दूध, देवळातलं भजन, सगळं पायी गाठता येतं. फ्लॅटमध्ये यातल्या प्रत्येक गोष्टीसाठी कुणाला तरी "सोडतोस का?" म्हणावं लागतं. दोनदा म्हणतात, तिसऱ्यांदा म्हणत नाहीत. माणसांनी भरलेल्या घरातही एकटेपण येतं ते असं. उलट एकट्या राहणाऱ्या एखाद्या काकू शेजारपाजारावर ठणठणीत असतात.

म्हणून हलवण्याआधी आठवडाभर वहीत लिहा: ते रोज कुणाशी बोलतात, कुठं जातात, मनातलं कुणाला सांगतात. नवं घर त्या वहीवरून निवडा. तळमजला मिळाला तर उत्तम. लांब जावंच लागलं तर आठवड्यातून दोन दिवस जुन्या कट्ट्यावर नेण्याचे वार ठरवून टाका. "कधीतरी नेऊ" म्हटलं की ते राहूनच जातं. आणि घरातलं एक काम त्यांच्याकडंच राहू द्या. भाजी त्यांनीच आणायची, महाग पडली तरी.

म्हातारपणी नैराश्य रडण्यातून कमीच दिसतं. भूक मरते, पहाटे तीनला जाग येते, अंग दुखतं, विसरायला होतं. दोन आठवडे असं राहिलं तर डॉक्टर गाठा. ज्येष्ठांसाठी हो-नाही उत्तरांची पंधरा प्रश्नांची चाचणी असते, गुण पाचाच्या वर गेले तर पुढची तपासणी लागते. थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन बघून घ्या. कानही तपासा, कारण ऐकू येईना झालं की माणूस आपणच बैठकीतून उठतो.

नैराश्यावरच्या गोळ्यांचा पुरता गुण यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि बरेचजण दहाव्या दिवशीच सोडतात. रक्तदाबासाठी लघवीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, तिच्यासोबत नैराश्याच्या काही औषधांनी रक्तातलं सोडियम उतरतं.

"देवानं उचललं तर बरं" हे वाक्य हसण्यावारी नेऊ नका. "जीव द्यावासा वाटतो का?" असं सरळ विचारा. विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं तर त्यांना एकटं सोडू नका, त्याच दिवशी सीपीआर या सरकारी दवाखान्यात न्या. टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर चोवीस तास मोफत चालू असते.