झाडं पडली की पेन्शनवरचा टॅक्स परत? कोणी सांगितलं?

परवा आत्याने फॅमिली ग्रुपवर एक मेसेज टाकला, "खाजगी वनमालक व बागायतदारांसाठी अत्यंत महत्त्वाचे", वर लाल दिवे, खाली "जास्तीत जास्त शेअर करा". पाठोपाठ मला फोन, की तालुक्यातला एक जण अडीच हजारात असा रिटर्न भरून देतोय, देऊ का पैसे? आत्या शाळेतून रिटायर झाली, पेन्शन चालू आहे, दापोलीकडे बाग आणि वर डोंगराला मालकी जंगलाचा तुकडा, वादळात दोन्हीकडची झाडं आडवी झालेली. तिला फोनवर जे बोललो तेच इथे जरा सौम्य करून लिहितोय.

मेसेज थोडक्यात असा: पडलेल्या झाडांची बाजारभावाने किंमत काढा, ती अख्खी पगार-पेन्शनमधून वजा होते, त्यासाठी "फॉर्म ४६८४" भरा. पंचनाम्याच्या मागे लागू नका, मोबाईलचे फोटो पुरे. तहसीलला "खाजगी वनमालक" म्हणून अर्ज द्या. लाकूड विकलं तर टॅक्स शून्य, सरकारी मदतीवर टॅक्स नाही, तोडीला-वाहतुकीला परवानगी नको, शेतसारा दहा वर्षं माफ.

आधी तो फॉर्म ४६८४. अहो, तो अमेरिकेचा आहे! तिकडच्या टॅक्स खात्याचा, चोरी आणि आपत्तीतल्या नुकसानीचा. तिकडच्या जंगलमालकांसाठीची माहिती कोणीतरी मराठी करून वर "आयकर विभाग" चिकटवलंय. बरं, अमेरिकेत तरी पूर्ण बाजारभाव मिळतो का? नाही. झाडांवर तुमचा हिशोबात धरलेला खर्च किती आणि किंमत किती घटली, यातला जो आकडा कमी तो, त्यातून विम्याचे पैसे वजा. आपोआप उगवलेल्या झाडावर खर्चच नसेल तर वजावटही भोपळा. म्हणजे जिथून उचललं तिथेही हे खोटंच.

आपल्याकडे तर प्रश्नच मिटला. शेतीचं उत्पन्न कलम १०(१) खाली करमुक्त. ज्या उत्पन्नावर टॅक्स कधी लागलाच नाही त्याचा तोटा पेन्शनमधून वजा होत नाही, एवढं साधं आहे. रिटर्नमध्ये शेतीचा जुना तोटा आठ वर्षं पुढे ओढायचा रकाना आहे हे खरं, पण तो फक्त शेतीच्याच उत्पन्नापुढे, आणि तेही टॅक्सचा दर ठरवताना. वरच्या जंगलातलं झाड कोसळलं तर ते तुम्ही विकलं नाही, त्यामुळे भांडवली तोटाही बसत नाही. मग अडीच हजारवाला हे बसवतो कुठे? कुठल्यातरी भलत्याच रकान्यात आकडा कोंबतो, रिफंड येतो, सगळे खूश, आणि नोटीस येते तेव्हा त्याचा फोन बंद. चुकीची माहिती देऊन उत्पन्न कमी दाखवलं तर कलम २७०अ खाली बुडवलेल्या टॅक्सच्या २०० टक्के दंड आहे, आणि नोटिशीवर नाव आत्याचं असणार, त्याचं नाही.

पण माझं डोकं फिरलं ते "पंचनाम्याच्या मागे लागू नका" या ओळीवर. टॅक्समधून काही मिळणार नाही, मिळणार ते मदतीतून, आणि मदतीचा मुख्य कागद म्हणजे पंचनामा. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर बहुवार्षिक पिकांना हेक्टरी ५० हजार, दोन हेक्टरपर्यंत, असं ठरलं. नंतर नारळाला झाडामागे २५० आणि सुपारीला ५० रुपये. सुपारी धरायला पाच-सात वर्षं जातात आणि झाडाची किंमत ५० रुपये, चिडायचं तर यावर चिडा ना, यावर मेसेज फिरवा. पण ते पन्नास रुपये सुद्धा तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक बागेत येऊन झाडं मोजतात तेव्हाच. फोटो जोडायला चांगले, पण फोटोवर सर्व्हे नंबर नसतो. शिवाय कोकणातला सातबारा म्हणजे सहमालकांत अर्धं गाव, मुंबईतल्या चुलत्यांची संमतीपत्रं गोळा करण्यातच महिना जातो. तो महिना माणसं रिफंडची वाट बघत घालवणार, आणि झाडं तोवर तोडून सरपणाला.

दुसरा कहर, "खाजगी वनमालक म्हणून अर्ज द्या". महाराष्ट्रात खाजगी वने संपादन कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ ला खाजगी वनं सरकारजमा झाली. सातबाऱ्यावर लागलेला "खाजगी वन" हा शेरा काढायला लोक वर्षानुवर्षं खेटे घालतायत, आणि हा शहाणा सांगतोय स्वतःच्या सहीने लिहून द्या की माझी जमीन खाजगी वन आहे! बाग असेल तर बागायतदार लिहा, सातबाऱ्यावर जे आहे ते लिहा.

लाकडाचं अर्धं खरं आहे, मान्य. आत्याने लावलेला आंबा, काजू, साग पडला आणि विकला तर तो शेतीत धरता येईल. पण डोंगरावरचा ऐन-किंजळ कोणी लावला नव्हता. यावर सुप्रीम कोर्टाचा १९५७ चा राजा बिनय कुमार सहस राय यांचा निकाल आहे, बंगालमधलं ६००० एकरांचं साल वृक्षांचं जंगल. कोर्ट म्हणालं, नुसतं राखण करणं, तण काढणं, छाटणी करणं म्हणजे शेती नाही, जमीन खणून पेरणी-लागवड झाली पाहिजे. राजेसाहेब केस जिंकले, हे सांगून कोणी तुम्हाला गुंडाळेल, पण ते जिंकले कारण उजाड झालेल्या भागात खणून बी पेरल्याचं रेकॉर्डवर होतं. तुमच्याकडे तसं काही असेल तर बोला. नसेल तर तो पैसा करमुक्त धरून खर्च करू नका.

सरकारी मदतीवर टॅक्स नाही, हे मात्र बरोबर. कलम १०(१०बीसी). सगळ्या मेसेजमध्ये ही एक ओळ धड आहे आणि तिच्याच जोरावर बाकीचं खपतंय.

परवानगीचं थोडक्यात: १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत, म्हणजे तोडायला परवानगी लागते अशा झाडांत, आंबा, फणस, साग, ऐन, किंजळ, खैर सगळे आहेत. आपोआप पडलेलं झाड आणि वादळाच्या नावाखाली पाडलेलं झाड यातला फरक पुन्हा पंचनामाच दाखवतो, आणि साग-खैर वाहतुकीच्या पासाशिवाय गाडीत भरला तर गाडी अडकलीच म्हणून समजा. शेतसाऱ्यात सूट, तहकुबी, माफी सरकार देऊ शकतं, महसूल संहितेचं कलम ७८, पण ती त्या-त्या वर्षापुरती. आणि दिली तरी वाचणार किती? सारा भरायला तहसीलला जायचं एसटीचं तिकीट त्याहून महाग पडेल.

आयकराच्या कलमांचे आकडे मी १९६१ च्या कायद्यातले दिलेत, नव्या २०२५ च्या कायद्यात नंबर बदललेत. एजंट "ते कलम आता गेलं" म्हणाला तर त्याला नवं कलम कागदावर लिहून, खाली सही करून द्यायला सांगा.