‘गोळ्या फुकट आहेत, मग दोष आईचाच’? अजिबात नाही

सध्या बऱ्याच ग्रुपवर एक मजकूर फिरतोय: ‘एचआयव्हीची तपासणी फुकट, गोळ्या फुकट. तरी बाळाला लागण झाली तर ती आईची बेफिकिरी. बायका आजार लपवतात. अशांनी मूल जन्माला घालूच नये.’ पाठवणारी माणसं वाईट नाहीत, म्हणूनच एकेक मुद्दा घेऊन उत्तर देते.

‘गोळ्या फुकट.’ हो, आहेत. १ एप्रिल २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांवर, म्हणजे एचआयव्हीची औषधं देणाऱ्या केंद्रांवर, त्या मोफत मिळू लागल्या, मुंबईचं जे. जे. पहिल्या काही केंद्रांपैकी. २०१४ पासून पॉझिटिव्ह गरोदर बाईला लगेच आणि आयुष्यभर औषध द्यायचं धोरण आहे. पण केंद्र काही गावात नसतं. एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तरी दिवसाचा रोज बुडतोच, आणि घरी काय सांगून निघायचं हा प्रश्न उरतोच. पहिलं बाळंतपण माहेरी, औषधाची नोंद सासरच्या केंद्रावर. बीडकडचं ऊसतोड जोडपं तर दिवाळीच्या सुमारास घर सोडतं ते थेट हंगाम संपल्यावर परततं. केंद्र बदलून घेता येतं, पण ते तिला कुणीतरी वेळेवर सांगावं लागतं.

सगळ्यात अवघड काळ बाळंतपणानंतरचा. सव्वा महिना बाळंतिणीने उंबरठा ओलांडायचा नाही, आणि नेमकं त्याच काळात तिचं औषध संपतं. बाळाला जन्मापासून किमान सहा आठवडे नेव्हिरॅपिनचं, म्हणजे लागण टाळणाऱ्या औषधाचं, सिरप रोज पाजायचं असतं, दीड महिन्याला त्याच्या टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन पहिली तपासणी असते. सासूला काहीच माहीत नसेल, तर हे सिरप कशाचं म्हणून सांगणार?

‘बायका लपवतात.’ लपवतात. गोळ्यांची बाटली खुळखुळते म्हणून बोळा कोंबून ठेवतात, नाहीतर गोळ्या कागदात बांधून साड्यांच्या घडीत सरकवतात. कारण गरोदरपणात तपासणी आधी तिची होते. नवऱ्याची झालेलीच नसते, म्हणून ‘हिनेच आणलं’ हा निकाल घरात त्याच दिवशी लागतो. घराबाहेर काढतील या भीतीने बाईने लपवलं, तर ‘लपवायला नको होतं’ असं मला तरी म्हणवत नाही. या लपवण्याची किंमत मात्र मोठी आहे. आशाताई लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या देतात. उपाशीपोटी त्या आणि डोल्युटेग्रॅव्हिर हे एचआयव्हीचं औषध एकत्र घेतलं तर हे औषध अंगात नीट शोषलं जात नाही. जेवणासोबत घेतलं तर चालतं. साधी गोष्ट आहे. पण ती हे औषध घेते हे आशाताईंनाच माहीत नसेल तर ही सूचना करणार कोण?

‘बेफिकिरी.’ बाळगुटी, मध, वरचं पाणी हे बाळाला बहुतेक घरांत आजी पाजते, आई नव्हे. पहिले सहा महिने आईने औषध चालू ठेवून फक्त अंगावरचं दूध द्यावं, असं डॉक्टर सांगतात. दूध आणि वरचं असं मिसळून देणं जास्त धोक्याचं. ‘गुटी नको’ एवढं म्हणायलासुद्धा नव्या सुनेला घरात बळ लागतं.

‘मूल जन्माला घालूच नये.’ कशाच्या आधारावर? उपचार नसतील तर गर्भारपण, बाळंतपण आणि स्तनपान मिळून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के. औषध वेळेत सुरू झालं आणि चालू राहिलं, तर तो पाच टक्क्यांच्याही खाली येतो. आणि निदान कळल्यावर जो दवाखाना ‘दुसरीकडे जा’ म्हणतो, तो कायदा मोडतो. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, खासगी दवाखान्यांनाही. भेदभाव करून उपचार नाकारणं त्यात बेकायदेशीर ठरवलं आहे.

तो मजकूर पुढे पाठवण्याऐवजी १०९७ हा क्रमांक पाठवा. एड्सविषयीची ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे, आणि माहेरी गेल्यावर औषध कुठे मिळेल हेही तिथे विचारता येतं.