डिझेल मोजून देता, मग घाटात ढकलायलाही या

डोकं फिरलंय माझं. काल रात्र कसारा घाटात काढली आणि सकाळपासून आमच्या गाडीमालक शेठचं एकच चाललंय, "टाकीत डिझेल होतं ना? मग गाडी बंद पडलीच कशी?" होतं ना. तीन-चार लिटर होतं. तेवढ्यावर नऊ टन माल घाट चढवायचा होता.

गाडी म्हणजे सोळा-तेरा ट्रक, २००९ ची. सोळा टनांची, एकशेतीस घोड्यांची. इंजिन आजही दाबून ओढतं, गाडीला मी एक शब्द बोलणार नाही. पण टाकीतला डिझेल किती ते दाखवणारा फ्लोट मोडून तीन वर्षं झाली. टाकी भरलेली असो की कोरडी, डॅशबोर्डवरचा काटा अर्ध्यावरच. म्हणून सीटमागे बांबूची काठी ठेवलीय. पंपावर वीस-वीस लिटर ओतून, दरवेळी काठी बुडवून, चाकूने खाचा पाडल्यात. दोनशे लिटर मावणाऱ्या टाकीत माझी काठी कधी पाचव्या खाचेपर्यंतसुद्धा भिजत नाही. काल शहापूरला बुडवून बघितली तर खालची दोन बोटं ओली.

शेठचा हिशेब असा. लासलगाव ते वाशीचं कांदा-बटाटा मार्केट सव्वादोनशे किलोमीटर. जाताना भरलेल्या गाडीला साडेचारचं अ‍ॅव्हरेज, येताना रिकामीला सहाचं. नव्वद लिटर टाकायचं, वर एक थेंब नाही. अहो, साडेचार ही गाडी नवी होती तेव्हा देत होती! आता चार पडलं तरी खूप. भिवंडी बायपासला दोन तास पहिल्या गिअरमध्ये सरकलो, ते कुठल्या अ‍ॅव्हरेजमध्ये धरायचं? मार्केटात लाइन लागते, गाडी दर दहा मिनिटांनी पुढे घ्यावी लागते, ते कुठे धरायचं?

आणि एवढ्यावर थांबलं का? वाशीला माल उतरवून गाडी रिकामी झाली, निघालो, तर शेठचा फोन. "भिवंडीला गोडाऊनचा माल मिळालाय, नऊ टन, भरून ये." भाडं शेठला मिळणार, चांगली गोष्ट आहे. मी विचारलं, शेठ, डिझेल रिकाम्या गाडीच्या हिशेबाचं आहे, वाढवून द्या. तर म्हणे, "घोटीला आपला उधारीचा पंप आहे, तिथे टाकून घे." घोटी घाटाच्या वर! घाट चढायचा कशावर? "पोहोचशील रे, तू जुना ड्रायव्हर आहेस." मग भत्त्यातून टाक म्हणे, आल्यावर देतो. मागच्या महिन्यात असेच दोन हजार टाकले, ते अजून मिळाले नाहीत.

रात्री अकराला घाट धरला. दुसऱ्या गिअरमध्ये चढत होतो, बरी चालली होती, आणि एका वळणाला इंजिनाने आचका दिला. थोडं पुढे गेल्यावर परत एक. ज्याने जुनी गाडी चालवलीय त्याच्या पोटात त्या आचक्याने गोळाच येतो. चढावर टाकीतलं होतं नव्हतं डिझेल मागे जातं, ओढणारा पाइप पुढे उघडा पडतो आणि इंजिनाचा डिझेल पंप हवा खेचतो. गाडीने एअर घेतली की संपलं. सपाटीला तेवढ्याच डिझेलवर ती दहा-बारा किलोमीटर गेली असती. घाटात जागेवर मेली.

इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद, ब्रेकची हवा भरणं बंद. जुन्या गाडीचे पाइप कुठे ना कुठे हवा सोडतातच. दर वेळी पाय दाबला की हवेचा काटा खाली. हँडब्रेक ओढला. क्लीनर पोरगा उडी मारून उतरला आणि दगड घेऊन मागच्या चाकाशी वाकला. त्याच वेळी वळणावरून कंटेनर आला. त्याचा हॉर्न अजून माझ्या कानात आहे. हातभर अंतरावरून गेला तो. पोरगा वीस वर्षांचा आहे, शेठ. काही झालं असतं तर त्याच्या आईला काय सांगायचं होतं, नव्वद लिटरचा हिशेब बरोबर होता म्हणून?

हायवेच्या मदतीच्या नंबरला, १०३३ ला फोन केला, गस्तीची गाडी आली, त्यांनी मागे शंकू लावले. माझ्याकडे सहाशे रुपये, पोराकडे तीनशे. नव्वदच्या भावाने दहा लिटर. पोरगा कॅन घेऊन एका टेम्पोतून खाली गेला आणि दुसऱ्या गाडीने वर आला, त्यात दीड वाजला.

डिझेल ओतलं म्हणजे गाडी सुरू होत नाही, हे वीस वर्षं धंदा करून शेठला कळू नये? फिल्टरवरचा स्क्रू सैल करायचा आणि हातपंप मारत बसायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, निखळ डिझेलची धार लागेपर्यंत मारायचं. मग इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोजलच्या नळ्या सतराच्या पान्याने ढिल्या करायच्या, सेल्फ मारायचा, एकेक नळी डिझेल थुंकायला लागली की आवळायची. हे सगळं मोबाइलच्या उजेडात, कोपरापर्यंत डिझेलने माखून. बॅटरी पण जुनीच, चौथ्या सेल्फला तिचा आवाज बसला. साडेतीनला गाडी सुरू झाली. घोटीला पोहोचलो तेव्हा पोरगा बसल्या जागी झोपला होता.

टाकी भरली की ड्रायव्हर डिझेल काढून विकतात, असं शेठचं म्हणणं. काढतात काही जण. ढाब्यामागे कॅन घेऊन बसलेले मलाही दिसतात. मग काढतो त्याला धरा! मी अकरा वर्षं हीच गाडी चालवतोय. किती टाकलं, किती चालली, सगळं वहीत लिहिलेलं आहे, कधी उघडून बघितली का? नव्या गाड्यांना टाकीत सेन्सर बसवतात, मालकाला मोबाइलवर दिसतं. हिला बसवा, मी नाही म्हटलंय का? सेन्सर सोडा, साधा फ्लोट बदलला नाही तीन वर्षांत. कॅबिनवरची लायटिंग मात्र दिवाळीला नवी आली.

आणि यात वाचतंय तरी काय? एवढ्या जुन्या टाकीच्या तळाला गंज, गाळ, पाणी असतंच. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने आत आणखी पाणी सुटतं. रोज तळातलंच डिझेल ओढलं की ते सगळं फिल्टरमध्ये, तिथून निसटलं तर पंपात आणि नोजलमध्ये. गेल्या वर्षी पंप खोलावा लागला, तेव्हा बिल बघून शेठ दोन दिवस कुणाशी बोलला नव्हता. २०२५ च्या जूनपासून समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते भिवंडीजवळच्या आमणेपर्यंतचा टप्पाही सुरू झालाय, बोगद्यातून घाट टळतो. पण शेठला तिथला टोल नको. घाटानेच ये, आणि डिझेलही तेवढंच.

सकाळी गाडी दारात लावली तर चहा राहिला बाजूला, "पार्टीचा फोन आला होता, उशीर का झाला?" हे पहिलं वाक्य. पोराने दिलेले तीनशे रुपये मी मागितले तर म्हणे, पावती आण.

पहाटे चारला परत कांदा भरायचाय. भरायच्या आधी शेठसमोर टाकीत काठी घालणार आहे. सहाव्या खाचेपर्यंत भिजली नाही, तर किल्ली त्यांच्या टेबलावर. आणि पोराचे तीनशे आधी.