वाघ गाडीतून आणून सोडलेला नसतो

विदर्भ-मराठवाड्याच्या सीमेवर नवा वाघ दिसला, की ‘वनखात्याने रात्री पिंजरा आणून इथे सोडला’ असा मजकूर मोबाईलवर फिरू लागतो. हे खरे नाही. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या टी१सी१ या नर वाघाला 2019 मध्ये रेडिओ कॉलर, म्हणजे ठावठिकाणा कळवणारा गळपट्टा, लावली होती. तो सुमारे 1300 किलोमीटर चालत, तेलंगणातल्या आदिलाबादचा भाग ओलांडून, त्याच वर्षाच्या अखेरीस बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. वाटेत सलग जंगल कुठे होते? कापसाची शेते, नाले, रस्ते. दिवसा झुडपात दबून राहायचे आणि अंधारात चालायचे, असा त्याचा प्रवास. दोन-अडीच वर्षांचा नर आईची हद्द सोडून स्वतःची जागा शोधतो, त्यासाठी त्याला कोणी न्यावे लागत नाही.

वाघ स्थलांतरित केले जातात हेही खरे; 2023 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात दोन वाघिणी सोडल्या, पण जाहीरपणे आणि कॉलर लावून.

अशा अफवेमुळे लोक रागाने वाघामागे धावतात, याची मला खरी भीती वाटते. वाघ दिसला तर गर्दी करू नका, वनरक्षकाला कळवा.