इमारत झाली, आता मोठ्या मुलांचं बघा
इंदूरची दोन खोल्यांतली विशेष मुलांची शाळा आता दोन मजली झाली, थेरपीचा वेगळा हॉल आला, ही बातमी वाचून मस्त वाटलं. आमचा भाचा ऑटिस्टिक आहे, इंदूरलाच असतो, शर्टाची बटणं स्वतः लावायला लागला तेव्हा ताईने अख्ख्या रामबागेत पेढे वाटले (वरचं बटण अजून चुकतंच). पण खरं सांगू का, भिंती उभ्या राहतात हो, स्पेशल एज्युकेटर, म्हणजे या मुलांना शिकवणारे खास शिक्षक, टिकत नाहीत, पगारच तेवढे कमी. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मोफत शिक्षण ६ ते १८ वर्षांपर्यंतच, मग पुढे पोरं घरीच बसणार ना? वरच्या मजल्यावर कागदी पिशव्यांचं वर्कशॉप काढा, सराफ्यात, आपल्या खाऊगल्लीच्या बाजारात, गिऱ्हाइकांना काय तोटा! आणि पालकांनो, नॅशनल ट्रस्टचं (दिव्यांगांसाठीची केंद्र सरकारची संस्था) निरामय कार्ड काढलं नसेल तर काढा, वर्षाला १ लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे, थेरपीचा खर्चही त्यात धरतात.